भीमगीतांच्या मैदानात व्हीलचेअरला वाट हवी

वर्गणीच्या पावत्या फाडायला सुरुवात झाली आहे. १४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये जयंती समितीच्या बैठका बसतात. मंडप कोणाचा, साउंड कोणाचा, गायन पार्टी कुठली, भोजनदान किती जणांचं, यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा होते. एक प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतं. आपल्या वस्तीतली व्हीलचेअरवरची माणसं गाण्याच्या कार्यक्रमाला येणार कशी आणि बसणार कुठे? आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असं कोणाला वाटेल. म्हणून आधी आमच्याच वस्तीतली गोष्ट सांगतो.

आमच्याकडे एक ताई आहेत. बांधकामावर काम करताना पडल्या, मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं अंग गेलं. त्याआधी महिला मंडळात गाण्याला सुरुवात त्याच करून द्यायच्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना आग्रहाने कार्यक्रमाला नेलं. मैदानात उतरायला तीन पायऱ्या आहेत. चार पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि स्टेजच्या कडेला, स्पीकरजवळ नेऊन ठेवलं. समोर माणसं उभी राहिली. ताईंना गायक दिसलाच नाही, दिसल्या त्या लोकांच्या पाठी. लवकर निघावं तर पुन्हा चार पोरं शोधायची, म्हणून कार्यक्रम संपेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. आम्ही मात्र खूश होतो. पोरांचं कौतुक केलं, फोटोही काढले.

नंतर कळलं की त्या दिवशी दुपारपासून त्यांनी पाणीच प्यायलं नव्हतं, कारण खुर्ची आत जाईल असं संडास-बाथरूम जवळपास नव्हतं. आठवड्याभरात ताप आला, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग निघाला. बसण्याच्या जागेवर जखम झाली, ती भरायला दोन महिने लागले. गेल्या वर्षी त्या आल्या नाहीत. मैदान त्यांच्या दारापासून दोनशे पावलांवर आहे. सगळी गाणी त्यांनी घरात बसून लाउडस्पीकरवर ऐकली. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "परक्या पोरांनी उचलून न्यायचं, ते मला नको वाटतं."

पोरांचा यात काही दोष नाही. चूक आमची झाली. आम्ही माणूस उचलला आणि पायऱ्या तशाच ठेवल्या.

मणक्याला मार लागलेल्या माणसाला बसल्या जागी दुखत नाही, टोचत नाही. त्यामुळे एकाच जागी दाब पडून कातडी आतून मरत जाते. म्हणूनच दर १५ ते ३० मिनिटांनी अंग थोडं उचलून किंवा कलवून बसायला सांगतात. गर्दीत कोंबलेल्या खुर्चीत ते जमत नाही. पाणी कमी प्यायलं की लघवीचा संसर्ग बळावतो. ज्यांना मार वरच्या मणक्यात लागला आहे त्यांना माराच्या खाली घाम नीट येत नाही, म्हणून एप्रिलच्या उकाड्यात अंग लवकर तापतं. खुर्ची हाताच्या किंवा पायाच्या दांडीला धरून उचलली तर ती दांडी निसटू शकते आणि माणूस खाली येतो. उचलणाऱ्याचीही कंबर धरते. हे टाळावं म्हणून माणूस घरातच राहिला, तर एकटेपणाने मन खचतं. तोही आजारच आहे.

अशी माणसं आपल्यात थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के होतं, अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. त्याचं कारण आपल्या कामात आणि राहणीत शोधावं लागेल. परातीवरून पडणारे, रेल्वेखाली पाय गेलेले, मणक्याचा टीबी वेळेत न कळलेले, साखरेच्या आजारात पाय कापावा लागलेले, लकवा मारलेले, असे लोक आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. गल्लीत ते दिसत नाहीत, कारण गल्ली त्यांना बाहेर येऊ देत नाही.

१९२३ साली बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर जाईपर्यंत तो ठराव कागदावरच होता. जातीमुळे अडवणं आणि पायरीमुळे अडणं या दोन गोष्टी एक नाहीत, हे आम्हाला कळतं. पण सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या जागेत काही माणसांना येता येत नसेल तर ती जागा सार्वजनिक कशी, हा प्रश्न विचारायला आपण महाडमध्येच शिकलो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात इमारती आणि सार्वजनिक सेवा अडथळाविरहित करण्याची तरतूद आहे. कलम २९ मध्ये कला, संस्कृती आणि करमणुकीत भाग घेण्याचा हक्कही सांगितला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की या बाबतचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, किमान गोष्टी सक्तीच्या करा. नाट्यगृहाकडे किंवा महापालिकेकडे हा हक्क आपण मागूच. पण मंडप आपण घालतो, तिथे कोणाची वाट पाहायची?

"दोन-तीन माणसांसाठी एवढा खर्च?" असं बैठकीत कोणीतरी म्हणतंच. खर्च किती, ते पाहा. उताराचं माप सोपं आहे. एक इंच उंचीला एक फूट लांबी. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फुटांचा उतार, तीन पायऱ्या असतील तर अठरा फुटांचा. रुंदी चार फूट ठेवा, दोन्ही कडांना पट्टी मारा म्हणजे चाक घसरणार नाही. उतार याहून उभा केला तर खुर्ची मागे उलटते. स्टेज बांधणाऱ्या मंडपवाल्याकडे फळ्या असतात, वस्तीत सुतार आणि वेल्डर असतात. एका रात्रीच्या डीजेच्या पैशापुढे हा खर्च किती, याचा हिशेब समितीने स्वतः मांडावा. आणि त्या उतारावरून गुडघे दुखणारी आजी येईल, पोटुशी बाई येईल, साउंडवाल्याची ढकलगाडीही जाईल.

"आम्ही उचलून आणतो की," असंही म्हणतात. त्यात माया आहे, पण ज्याला उचलतात त्याला कधी यायचं आणि कधी जायचं हे स्वतः ठरवता येत नाही. बायकांच्या बाबतीत तर आधी त्यांची मर्जी विचारायला हवी. आपल्याच कार्यक्रमात आपल्याच बाईला संकोच वाटावा, हे शोभत नाही.

म्हणून समितीने या वर्षी एवढं करावं. बैठकीच्या आधी व्हीलचेअरवरच्या माणसांच्या घरी जाऊन त्यांनाच विचारावं आणि शक्य तर त्यांच्यापैकी एकाला समितीत घ्यावं. घरापासून मैदानापर्यंतची वाट खुर्ची घेऊन एकदा चालून पाहावी. उघड्या गटारावर फळी टाकावी, खडी बाजूला सारावी, वायरी वाटेवर आडव्या टाकू नयेत. बसायची जागा प्रेक्षकांच्या मधोमध, स्पीकरपासून लांब ठेवावी. एका खुर्चीला तीन फूट बाय चार फूट जागा लागते, शेजारी घरच्या माणसाची खुर्चीही हवी. पुढे कोणी उभं राहणार नाही आणि बाहेर पडायची वाट मोकळी राहील, याची जबाबदारी समता सैनिक दलाच्या दोन जणांवर द्यावी. गडबड झालीच तर कोण कोणासोबत बाहेर पडेल, तेही आधीच ठरवावं.

संडासाचा प्रश्न अवघड आहे. भाड्याने आणलेल्या फिरत्या संडासाला पायऱ्या असतात. तेव्हा मैदानाजवळचं तळमजल्याचं घर हेरावं, दरवाजा टेपने मोजावा, खुर्ची आत जाते का पाहावं आणि त्या घरच्यांशी आधी बोलून ठेवावं. असं घर मिळालं की माणूस निर्धास्त पाणी पितो.

आणखी एक. उतार स्टेजलाही लावा. व्हीलचेअरवरचा माणूस फक्त ऐकायला येतो असं कोणी ठरवलं? वंदना घ्यायला, बोलायला, गायला त्यालाही वर यावंसं वाटेल.

आमच्या वस्तीत या वेळी मंडपवाल्याशी बोलणं झालं आहे. मैदानाला अठरा फुटांचा एक उतार आणि स्टेजला एक. मागच्या रविवारी ताईंच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. "आधी बांधा, मग मी येऊन बघते," एवढंच म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं. तेव्हा आधी बांधू या.

जय भीम!