तीन प्रतींतले कीर्तन

गणेशोत्सवात तंजावरकडील एका वृद्ध भागवतरांचे कीर्तन ठेवावे आणि त्यांच्या साथीस इकडचेच मृदंगवादक बसवावेत, अशी एक साधी सूचना आम्ही आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मांडली होती. मंडळाचे नाव आम्ही येथे सांगत नाही. बदलीच्या गावोगावी ज्यांनी अशा मंडळांची वर्गणी भरली आहे, त्या वाचकांना ते सांगण्याचे कारणही नाही. सूचना फेटाळली गेली याचे आम्हांस दुःख नाही. केंद्र सरकारच्या कचेरीत बारा वर्षे कारकुनी केलेल्या मनुष्यास प्रस्ताव परत येण्याची सवय असते. परंतु ज्या कारणांनी ती फेटाळली गेली, ती कारणे आज ठिकठिकाणी शहाणपण म्हणून मिरवत आहेत. तेव्हा त्यांचा समाचार घेणे अवश्य वाटते.

पहिले कारण असे की, या भागवतरांची मराठी शुद्ध नाही व निम्मी कथा ते तमिळात सांगतात. दुसरे असे की, बुवा एका गावचे, मृदंगवाले दुसऱ्या गावचे, पेटीवाला तिसऱ्याच. तालीम झालेली नाही, मग कार्यक्रम फसल्यास जबाबदार कोण? आणि तिसरे कारण ऐकून तर आपण अजून कचेरीतच बसलो आहोत की काय, असा आम्हांस भ्रम झाला. कीर्तनाचा संपूर्ण मजकूर पंधरा दिवस आधी तीन प्रतींत सादर व्हावा! म्हणजे नारदमुनींनी वीणा खुंटीला अडकवून आधी झेरॉक्सचे दुकान गाठावयाचे.

ही सूचना आम्हांस सुचली ती ओरत्तनाडु येथे. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. सभोवार भातखाचरे, आणि गावात मुक्तांबाळचे छत्र. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी आपल्या प्रियेच्या नावे १८०२ साली ते उभारले. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंना तेथे आसरा व अन्न मिळे. त्याच्या आदल्याच वर्षी महाराजांनी इंग्रज रेसिडेंटास छत्रांविषयी एक पत्र लिहिले होते. ब्राह्मणापासून परैयापर्यंत जो वाटसरू येईल त्याला अन्न, आणि आजारी पडेल त्याला वैद्य व औषध, असा छत्रांचा परिपाठ त्यात सांगितला आहे. आम्ही पाहिले तेव्हा इमारतीची रया गेलेली होती. पण गावातील वृद्ध माणसे अजून तिचा उल्लेख घरच्या एखाद्या आजीसारखा करतात.

कचेरीच्या कामासाठी आम्ही व आमचे एक मराठी सहकारी रामनवमीच्या सुमारास तेथे गेलो होतो. एका निवृत्त शिक्षकांनी मुक्कामास ठेवून घेतले. त्यांचे घराणे तंजावरी मराठी. घरात मराठी बोलतात, लिहितात मात्र तमिळ. त्यांच्या ओसरीवर त्या रात्री सीताकल्याणाचे आख्यान व्हावयाचे होते. भागवतर पंचाहत्तरीच्या पुढचे. पेटीवाल्याची बस चुकली, तो आलाच नाही. मृदंगावर बसले ते शेजारच्या खेड्यातील देवळात भजनाला साथ करणारे एक मध्यमवयीन गृहस्थ. दोघांनी एकमेकांस पूर्वी कधी पाहिलेले नव्हते. पाय धुता धुता बुवांनी त्यांना नाव विचारले, गुरू विचारला, आणि तेवढ्यावर दोघे उभे राहिले. तालीम म्हणावयाची तर एवढीच.

पूर्वरंग ठरल्याप्रमाणे झाला. मध्यंतरी यजमानांनी आमची ओळख करून दिली, आणि पुढच्या रांगेत केंद्र सरकारचे दोन कारकून बसले आहेत हे बुवांच्या कानी गेले. बुवा क्षणभर थांबले, हसले आणि उत्तररंगात सीताकल्याण बाजूला ठेवून त्यांनी दामाजीपंतांची कथा उचलली! मंगळवेढ्याचा तो अंमलदार, तो दुष्काळ, बादशहाच्या धान्याची ती कोठारे. कथा तमिळात चालली होती. कोठाराच्या दाराशी भुकेले लोक येऊन उभे राहिले, आणि बुवांनी एकाएकी आमच्याकडे वळून मराठीत विचारले की, सरकारी गोदाम उघडावयाचे तर किती सह्या लागतात? आम्ही चाचरत सांगितले, कमीत कमी चार. बुवांनी ते उत्तर तमिळात सभेला सांगितले. भातखरेदीच्या गोदामांपुढे पोत्यांवर बसून रात्री काढलेली ती माणसे; ती खो खो हसली. त्याच क्षणी मृदंगावर चार थापा पडल्या. पुढे तासभर ‘चार सह्या’ हे त्या आख्यानाचे पालुपद झाले. बुवांनी ते एका साकीत बसविले. साकीची चाल मृदंगवाल्यांना परकी असावी, पहिली दोन आवर्तने ते चाचपडले. तिसऱ्यात त्यांनी ती धरली, आणि मग त्यांनीच वृद्ध बुवांना ओढीत द्रुत लयीत नेले. शेवटी दामाजीपंत एकही सही न घेता कोठाराचे दार उघडतात, तेव्हा चार थापांच्या जागी मृदंग मुका राहिला. ती युक्ती बुवांची नव्हती, मृदंगवाल्यांची होती. बुवांनी वळून त्यांना हात जोडले.

आता यातील कोणता मजकूर तीन प्रतींत द्यावा? आमचे उत्तर त्यात कोणी लिहिले असते? त्या मुक्या थापेची नक्कल कोणत्या कागदावर निघते?

शुद्धतेचा आक्षेप प्रथम घेऊ. तंजावरचे भोसले १६७६ च्या सुमारास तेथे स्थिर झाले आणि १८५५ साली त्यांचे राज्य खालसा झाले. त्या अवधीत शाहजी राजांनी ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटक रचले. त्यात पाच भाषा एकाच रंगभूमीवर नांदतात. सरफोजी महाराजांनी भरतनाट्याच्या बांधणीत मराठी पदे बसविली. ‘कोरवयांच्या साहित्याचे जिन्नस’ या नावाने ती सरस्वती महालाने १९५८ साली छापली. राज्य गेल्यावरही हा व्यवहार थांबला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबावा मोरगावकर तंजावरास आले आणि त्यांच्या कीर्तनांनी ते शहर वेडावून गेले. ती मराठी कीर्तने ऐकून कृष्ण भागवतरांनी तोच साचा कर्नाटक संगीतात ओतला. साकी, दिंडी, ओवी, अभंग, पद हे सारे छंद त्यांनी घेतले, आणि भाषा श्रोत्यांची ठेवली. त्यांच्या मृदंगाला नारायणस्वामी आप्पा असत. हे आप्पा मराठी, आणि तंजावरी मृदंगाच्या बाजाचा उगम जाणकार त्यांच्याशी जोडतात. १९०३ साली कृष्ण भागवतर वारले. त्यांनी घालून दिलेली हरिकथेची घडण मात्र सरस्वतीबाई, एंबार विजयराघवाचारी अशा थोरांनी पुढे चालविली, आणि चेन्नईच्या सभागृहांतून ती अजून ऐकू येते. साकी-दिंडी ही नावे तेथील श्रोते कसलेही भाषांतर न मागता उच्चारतात.

आता वाचकांनीच हिशेब करावा. ज्या मराठी रचना राजवाड्यात शुद्ध राहिल्या त्या बहुतांशी पोथ्यांत राहिल्या. आम्ही सरस्वती महालाचे ऋणी आहोत. तो नसता तर तेही गेले असते. पण माणसांच्या तोंडी राहिली ती मराठी, जी तमिळ मृदंगाबरोबर, तमिळ सभेपुढे, तमिळात मिसळून उभी राहिली. तिलाच आमची कार्यकारिणी अशुद्ध म्हणते! गेल्या वर्षी आमच्याच मंडळाच्या कोजागरीस एक तंजावरी गृहस्थ सहकुटुंब आले होते. त्यांच्या बोलण्यातील जुने प्रत्यय ऐकून आमच्यापैकी काही जण तोंडावर रुमाल धरून हसले. ते पुन्हा आले नाहीत. ज्यांच्या पिढ्यांनी कोणतीही भरती, पदोन्नती वा प्रवासभत्ता नसताना साडेतीनशे वर्षे ही भाषा घरात जपली, त्यांना तीन वर्षांच्या नेमणुकीवर आलेल्या आम्ही हसावे, आणि आमची मुले घरात आपापसांत इंग्रजीत भांडत असताना हसावे! हा प्रसंग आठवला की आम्हांस स्वतःचीच लाज वाटते, कारण हसणाऱ्यांत आम्हीही होतो.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्या हरिकथेत आज मराठी शब्द थोडे उरले आहेत. छंद मराठी, कथा पुष्कळदा आपल्या संतांच्या, भाषा तमिळ. कोणी म्हणेल, ही तर मराठीची हारच झाली. हा आक्षेप पोकळ नाही आणि त्यावर आमच्याजवळ पक्के उत्तर नाही. एवढेच म्हणतो की, त्या रात्री दोन मराठी माणसे समोर आहेत असे दिसताच त्या वृद्धाच्या मुखातून मराठी दिंडी आली. ती कोठेतरी शाबूत होती, आणि ऐकणारा आला म्हणून बाहेर आली. आमच्या मंडळाने त्यांना बोलावले असते तर चारशे ऐकणारे मिळाले असते.

तालमीच्या आक्षेपाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वारकरी कीर्तनकार परगावी जातो तेव्हा मागे उभे राहणारे टाळकरी व मृदंगमणी त्या गावचेच असतात, आणि कोणता अभंग निघेल हे त्यांना पुष्कळदा तेथेच कळते. ज्यांना देशी दाखला पटत नाही (आणि आमच्यात असे पुष्कळ आहेत) त्यांच्यासाठी परदेशचा देतो. डामो सुझुकी नावाचा एक जपानी गायक होता. १९७० साली म्युनिकच्या रस्त्यावर गाता-ओरडताना ‘कॅन’ या जर्मन रॉकवृंदातील दोघांनी त्याला पाहिले आणि त्याच रात्री मंचावर उभे केले. तीन वर्षांनी त्याने तो वृंद सोडला. पुढे उत्तरायुष्यात गावोगाव फिरून, ज्या गावी जाईल तेथील वादकांबरोबर, कोणतीही तालीम न करता, कोणतेही ठरलेले गीत न घेता तो गात असे. त्या वादकांना तो नादवाहक म्हणे. कर्करोगाशी झगडत असतानाही शक्य तेव्हा तो मंचावर उभा राहिला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कोलोन येथे वारला. त्याचे ते रॉकसंगीत आम्हांस फारसे झेपले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण नव्या पिढीचे जे सभासद या माणसाला धाडसी प्रयोगकार म्हणून गौरवितात, तेच ओरत्तनाडुच्या ओसरीवरील त्याच धाडसाला अव्यवस्था म्हणतात, तेव्हा आम्हांस हसावे की रडावे हे कळत नाही.

उत्स्फूर्ततेच्या नावाखाली वेळ मारून नेणारे बुवाही आम्ही ऐकले आहेत. तीच ती विनोदाची चार वाक्ये, तीच वर्तमानपत्रातील बातमी. ज्याच्या पाठांतरात शेकडो पदे नाहीत त्याला ऐन वेळी एकही सुचत नाही. त्या भागवतरांची साकी क्षणात आली, पण तिच्यामागे साठ वर्षे होती. तेव्हा वाटेल त्या बुवांना बोलवा असे आमचे म्हणणे नाही. माहीतगार निवडा आणि मग त्याला मोकळे सोडा.

आणि ठरविलेल्या कार्यक्रमाची हमी तरी काय? गेल्या उत्सवात मोठ्या बिदागीवर एक गायक आणले होते. वादक नव्हते, सारी साथ ध्वनिमुद्रित. तिसऱ्या गीताच्या मध्यावर वीज गेली. साथ थांबली आणि गायकही थांबले. अंधारात तो हात वर केलेला, तोंड उघडे राहिलेला मनुष्य पाहून आम्हांस खरोखर दया आली. सभेत दहा-बारा जणांकडे टाळ होते, एक तबला कोपऱ्यात होता, पण कोणास पुढे होण्याचा धीर झाला नाही, आणि त्यांनाही कोणास हाक मारण्याचे सुचले नाही. चाळीस मिनिटे आम्ही हाताने वारा घेत बसलो. त्या गीतांचा मजकूर तीन प्रतींत मंजूर झालेला होता.

आम्ही तोच प्रस्ताव पुन्हा दाखल केला आहे. मजकुराच्या रकान्यात ‘सभेत ठरेल’ असे लिहिले आहे. भागवतरांनी प्रकृती साथ देईल तर येईन असे कळविले. येथील मृदंगवादकांना भेटलो. त्यांनी बसभाड्यापलीकडे काही मागितले नाही, फक्त बुवा कोणत्या पट्टीत गातात हे विचारले. ते आम्हांलाही ठाऊक नव्हते.