झाकलेला खरेदीभाव

गेल्या महिन्यात आमच्या पुतण्याने दुकानाचे नवे दरपत्रक घरीच तयार केले. भावांच्या वहीतील एका पानाचे छायाचित्र घेऊन त्याने ते इंकस्केप या विनामूल्य मिळणाऱ्या संगणक-प्रणालीत आणले. उजवीकडचा खरेदीभावाचा रकाना वगळून विक्रीभाव तेवढा ठेवला. फाईल मुद्रकाकडे गेली आणि अर्ध्या तासात त्याचा दूरध्वनी आला, "शेठ, यात तुमचा खरेदीभावही आहे. मी कुणाला दाखवत नाही, पण फाईल बदलून द्या." हाच मुद्रक पेठेतील आणखी तीन दुकानांची कामे करतो, हे ध्यानात घेता त्याचे आभार किती मानावेत!

पुतण्या म्हणाला, "काका, मी तर तो भाग कापला होता." वास्तविक त्याने तो केवळ झाकला होता. वेक्टर प्रणालीत रेषा आणि आकार गणिती वर्णनाने साठवले जातात. छायाचित्र मात्र ठिपक्यांचे असते व ते अखंडच आत ठेवले जाते. त्यावर चौकोन काढून, दोन्ही निवडून 'ऑब्जेक्ट' यादीतील 'क्लिप'ची आज्ञा दिली की चौकोनाच्या आतील भाग तेवढा दिसतो. चौकोन ही खिडकी. भिंतीआडची खोली जागच्या जागी असते. 'रिलीज' म्हटले की सगळे पान पुन्हा समोर. कोरलड्रॉतील 'पॉवरक्लिप' आणि इलस्ट्रेटरमधील 'क्लिपिंग मास्क' यांचीही रीत हीच. चित्रकाराला ही सोय वाटते, कारण खिडकी नंतर हवी तशी सरकवता येते. बँकेत खाडाखोडीखालचा आकडा आम्ही उजेडात धरून वाचत असू. इथे उजेडाचीही गरज नाही.

इलस्ट्रेटरमध्ये २०१७ सालापासून 'क्रॉप इमेज' ही खरोखर कापणारी आज्ञा आली आहे. इंकस्केपमध्ये क्लिप केलेले चित्र निवडून 'ऑल्ट' आणि 'बी' या कळा एकत्र दाबाव्यात. दिसणाऱ्या भागाची नवी प्रत तयार होते. मग खालचे मूळ चित्र आठवणीने पुसावे. पीडीएफ केले म्हणजे झाकलेला भाग नाहीसा झाला, असेही गृहीत धरू नये. मला विचाराल तर छायाचित्र आधीच साध्या छायाचित्र-प्रणालीत कापावे, वेगळ्या नावाने साठवावे आणि तेच आत आणावे.

पुतण्याने तसेच केले. नवी फाईल घेऊन तो स्वतः मुद्रकाकडे गेला आणि जुनी समोर बसून पुसून घेतली.