ओटा छोटा, पसारा मोठा

ऑफिसात माझ्या हुद्द्यात ‘सिस्टिम्स’ असा एक शब्द आहे. लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावलाय. ज्याचं मशीन रेंगाळतं, तो थेट माझ्या टेबलाशी! आणि बहुतेकांचा डायलॉग ठरलेला, ‘अगं, रॅम ९० टक्के भरलीय. काय काय उडवू?’

काही उडवू नकोस रे बाबा. भरलेली रॅम हा आजार नाहीच मुळी. उलट रिकामी रॅम म्हणजे दरमहा भाडं भरून कुलूप लावून ठेवलेली खोली. पैसे मोजलेत, उपयोग शून्य.

पण मग कधीतरी माऊस जागीच थिजतो, स्क्रीनचा पुतळा होतो आणि सेव्ह न केलेलं प्रेझेंटेशन डोळ्यांदेखत खल्लास होतं, ते काय? तो मात्र खरा आजार. मेमरी भरलेली असणं वेगळं आणि मेमरीची ओढाताण होणं वेगळं. हा फरक कळला, तर नवी रॅम घ्यायची की नाही हेसुद्धा कळतं.

उदाहरण लिनक्सचं घेऊ. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला हा कर्नेल आज असंख्य सर्व्हरांवर चालतो आणि तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच असतो. कर्नेल म्हणजे घरातला कारभारी. कुणाला किती जागा द्यायची, हे तो ठरवतो.

आता डोळ्यांसमोर वन रूम किचनमधला ओटा आणा. ही तुमची रॅम. कर्नेल तिचे छोटे तुकडे पाडतो, त्यांना म्हणतात ‘पेज’. साधारणपणे एक पेज ४ केबीचं, म्हणजे ८ जीबी रॅममध्ये जवळजवळ २१ लाख पेजेस. ओट्यावर मोकळी जागा दिसली, की कर्नेल तिथे नुकत्याच वाचलेल्या फाइली मांडून ठेवतो. पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत हेलपाटा नको. म्हणूनच तो ९० टक्क्यांचा आकडा!

जागा कमी पडायला लागली, की आवराआवर. पण सगळा पसारा एकसारखा नसतो. ज्या फाइलची जशीच्या तशी प्रत डिस्कवर आहे, तिची पेजेस सरळ उचलून टाकता येतात. फाइलमध्ये बदल झालाय पण तो डिस्कवर गेलेला नाही, तर आधी लिहा, मग टाका. आणि तिसरा प्रकार अवघड. उघड्या टॅबमधला मजकूर, प्रोग्रॅमची अर्धवट आकडेमोड, असा ऐवज कुठल्याच फाइलमध्ये नसतो. तो टाकून चालत नाही, माळ्यावर चढवावा लागतो. या माळ्याचं नाव स्वॅप. मात्र माळा डिस्कवर असतो आणि एसएसडी असली तरी रॅमपुढे ती कित्येक पटींनी मंद. फोनमध्ये सहसा वेगळी युक्ती असते. सामान माळ्यावर न टाकता गादीसारखी घट्ट वळकटी करून रॅममध्येच ठेवतात. ही झेडरॅम.

पण काढायचं काय? लास्लो बेलाडी या संशोधकाने १९६६ मध्येच अचूक उत्तर दिलं होतं. जी वस्तू सगळ्यात उशिरा लागणार आहे, ती काढा. प्रॉब्लेम एवढाच, की त्यासाठी भविष्य कळायला हवं. ते कळत नाही, म्हणून कर्नेल भूतकाळ बघतो. कुठलंही पेज वापरलं, की प्रोसेसर त्यावर खूण करतो. कर्नेल फेरी मारून खुणा तपासतो. खूण दिसली की पुसतो आणि त्या पेजला आणखी एक चान्स देतो. पुढच्या फेरीपर्यंत कुणी हात लावला नाही, तर त्याचा नंबर लागतो. पेजेसना ‘पिढ्यां’मध्ये वाटणारी सुधारित पद्धत डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ मध्ये आली.

आता खरी गंमत. ही आवराआवर करतो के-स्वॅप-डी नावाचा एक पडद्यामागचा कामगार. मोकळी जागा एका पातळीच्या खाली गेली की तो उठतो, वरच्या पातळीला पोचली की झोपतो, सोसायटीच्या टाकीवरच्या ऑटोमॅटिक पंपासारखा. तो वेळेत आवरतो तोवर तुम्हाला पत्ताही लागत नाही.

पण मागणी त्याच्या हातांपेक्षा वेगाने वाढली तर? मग जो जागा मागेल, त्यालाच कर्नेल सुनावतो, ‘पोळ्या लाटायला जागा हवी? आधी ही भांडी घास!’ तुमचा ब्राउझर तुमचं काम सोडून भांडी घासत बसतो. तो थिजलेला माऊस म्हणजे बहुतेकदा हेच. त्याहून वाईट म्हणजे, आत्ता माळ्यावर टाकलेलं पातेलं पुढच्याच क्षणाला लागतं. काढा, चढवा, पुन्हा काढा. याला म्हणतात थ्रॅशिंग. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये त्याचं कारण उलगडून सांगितलं. चालू कामांना एका वेळी लागणारं सामान ओट्यावर मावतच नसेल, तर मशीन सतत बिझी आणि काम शून्य. दिवसभर मीटिंगा असतात ना, अगदी तस्संच!

आणि काहीच जमलं नाही, तर शेवटी येतो ‘आउट ऑफ मेमरी किलर’. तो प्रत्येक प्रोसेसला गुण देतो. ज्याने मेमरी जास्त धरलीय, त्याचे गुण जास्त, त्याची मान आधी. ‘सेव्ह करू का?’ वगैरे विचारायची पद्धत नाही. एका मार्चअखेरीला मी हे जवळून पाहिलंय. फुगत चालला होता रिपोर्ट काढणारा एक भलताच प्रोग्रॅम, पण सर्व्हरवर सगळ्यात मोठा होता बिचारा डेटाबेस. मेला तोच! टीमची ती रात्र ऑफिसातच उजाडली. किलर न्याय करत नाही, फक्त जागा करतो. ज्याला हात लावायचा नाही, त्याच्या गुणांत उणे १००० ही सवलत अॅडमिनने आधीच लिहून ठेवावी लागते. अँड्रॉइड एवढी वेळ येऊच देत नाही. मागे पडलेली अॅप्स तो आधीच बंद करतो.

मग बघायचं काय? लिनक्स मशीनवर ‘फ्री’ नको, ‘अव्हेलेबल’चा आकडा बघा. सहज सोडवून घेता येईल अशी जागा त्यात धरलेली असते. स्वॅपमध्ये सामान पडून आहे म्हणून घाबरू नका, ते सतत आत-बाहेर करतंय का ते बघा. ‘व्हीएमस्टॅट’ कमांडमधले ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे कॉलम त्यासाठीच आहेत. २०१८ च्या अखेरीपासून कर्नेल हेही सांगतो, की गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत मेमरीची वाट बघण्यात किती टक्के वेळ वाया गेला. तो आकडा कायम शून्याजवळ असेल, तर नव्या रॅमचे पैसे वाचवा, गोव्याला जाऊन या. सारखा वर राहत असेल, तर रॅम घ्या किंवा कामं कमी करा.

आणि फोनवर दर पाच मिनिटांनी सगळी अॅप्स सरकवून बंद करणाऱ्यांनो, जरा दमानं घ्या. पुन्हा उघडताना ती पहिल्यापासून सुरू करावी लागतात, बॅटरीही खर्च होते. आवराआवर कर्नेलवर सोडा, ते त्याचं काम आहे. तुमचं काम एकच, आणि ते तुमच्यासाठी दुसरं कुणी करणार नाही. कंट्रोल-एस दाबा. हो, आत्ताच!