दोन चांगल्यांतून एक निवडताना



समीकरणाच्या दोन्ही बाजूंना सारखेच पद असले, की आपण त्याला काट मारतो आणि उरलेले सोडवतो. ही रीत गणिताच्या वहीबाहेरही उपयोगी पडते. ती कशी, ते पाहू.

समजा, तळवड्याच्या एका मुलीला ‘नीट’ परीक्षेत उत्तम गुण मिळाले आणि पुण्यातील दोन नामवंत संस्थांची दारे तिला उघडली. एक बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. हे महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले आणि ते ससून रुग्णालयाला जोडलेले आहे. दुसरे १९४८ साली स्थापन झालेले सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच एएफएमसी. तेथे ‘नीट’नंतर आणखी चाचणी, मुलाखत आणि शारीरिक तपासणी असते. मुलीने तीही पार केली. आता घरात वाद सुरू होतो. मामा म्हणतात, ‘‘एएफएमसीचे नाव मोठे.’’ शेजारचे काका म्हणतात, ‘‘ससूनला रुग्ण जास्त.’’ कोणी क्रमवारीचा तक्ता आणून पुढे ठेवतो.

प्रथम सारख्या पदांना काट मारू. दोन्हीकडे अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता. दोन्ही महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, म्हणजे पदवीही एकाच विद्यापीठाची. शहरही एकच. हृदयाचे कप्पे तर दोन्हीकडे चारच! मग क्रमवारीतल्या एकदोन अंकांच्या फरकासाठी रात्री जागवण्यात काय अर्थ?

उरतात दोन गोष्टी: रुग्ण आणि बंधपत्र.

ससूनमध्ये भाजलेले, अपघातात सापडलेले, सर्पदंश झालेले, बाळंतपणासाठी आलेले असे सर्व प्रकारचे रुग्ण येतात. त्यांतले बहुसंख्य गरीब असतात. एएफएमसीत जवान, त्यांची कुटुंबे आणि माजी सैनिक यांच्यावरील उपचार प्रामुख्याने शिकायला मिळतात. पुढे नेमणूक अतिउंच सीमेवर झाली, तर विरळ हवेमुळे फुप्फुसात पाणी साचलेला किंवा हिमदंशाने बोटे काळी पडलेली जवान मंडळी तपासावी लागतात.

बंधपत्राचे म्हणाल, तर शासकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर सुमारे एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते. एएफएमसीत शिक्षण आणि राहणे मोफत असते, पण पदवीनंतर काही वर्षे सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून राहण्याचे वचन द्यावे लागते. ते मोडल्यास मोठी रक्कम भरावी लागते. कामगाराच्या घरात ‘मोफत’ या शब्दाचे वजन किती असते, हे मी जाणतो. परंतु ही फी माफ झालेली नसते. ती पुढे सेवेच्या रूपाने द्यायची असते.

म्हणून माझे मत असे, की बंधपत्र सर्वांत शेवटी नव्हे, सर्वांत आधी वाचावे. बदली कोठेही होईल, हे ज्याला मनापासून चालते, त्याने एएफएमसी निवडावे. ज्याला आपल्याच भागातील माणसांत काम करायचे आहे, त्याने बी. जे. निवडावे. ज्याला यांतले काहीच सांगता येत नाही, त्याने मोठ्या नावावर भाळून सही करू नये.

तुम्ही विचाराल, ‘‘अठराव्या वर्षी हे कसे कळणार?’’ पुरते कळणार नाही, हे खरे. पण निरीक्षण तर करता येते! ससूनच्या बाह्यरुग्ण विभागातील रांग एक सकाळ पाहून या. देहूरोडची छावणी जवळच आहे, तेथील एखाद्या माजी सैनिकाला लष्करी डॉक्टरांविषयी विचारा. शिक्षकांनाही एक विनंती आहे. गुणवंतांचे फलक जरूर लावा, पण ही चर्चा नववीतच सुरू करा.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यातील वाढदिवसाच्या फुलझाड्या बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. काम करणाऱ्या अनेक स्त्रिया त्यात दगावल्या. भाजलेल्यांपैकी काहींवर ससूनमध्ये उपचार झाले. भाजल्यावर त्वचेचे कवच जाते, शरीरातील पाणी झपाट्याने घटते आणि जंतुसंसर्ग होतो. अशा वेळी किती द्रव द्यायचा याचा हिशेब दर तासाला करणारा डॉक्टर खाटेशेजारी असावा लागतो. त्या खाटेवरच्या बाईला डॉक्टरच्या महाविद्यालयाचा क्रमांक ठाऊक नसतो. तुम्हाला कोणत्या खाटेशेजारी उभे राहायचे आहे, ते आधी ठरवा आणि मगच अर्जातला पसंतीक्रम भरा.