नियोजन शासनाचे, खर्च पालकांचा

राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ साली केली. १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती स्वीकारली, १९८६ च्या धोरणाने तिचा पुनरुच्चार केला आणि २०२० च्या धोरणानेही तेच उद्दिष्ट पुन्हा समोर ठेवले. मात्र २०१७-१८ मधील प्रत्यक्ष सार्वजनिक खर्च ४.४३ टक्क्यांच्या आसपास होता, अशी कबुली याच शेवटच्या दस्तऐवजात आहे. अर्धे शतक उलटल्यावरही जे उद्दिष्ट नव्याने जाहीर करावे लागते, त्याची अवस्था नांदीसारखी झालेली असते. पडदा वर जाण्यापूर्वी ती म्हणायची आणि खेळ सुरू झाला की विसरायची.

नियोजन म्हणजे अग्रक्रम ठरवणे आणि त्यानुसार पैसा उभा करणे. यांपैकी दुसरी गोष्ट शासनाने सोडली की पहिलीही त्याच्या हातून जाते. महाराष्ट्राने हा धडा स्वतःच्या अनुभवातून घेतला आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. विद्यार्थी आणि त्यांचा पैसा कर्नाटकात जातो, तो राज्यातच राहावा, असे समर्थन त्या वेळी केले गेले. या निर्णयामुळे जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये निघाली आणि अनेक कुटुंबांत पहिला अभियंता जन्मला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कोणती शाखा, कोणत्या गावी, किती जागा, हे ठरवताना त्या भागाच्या गरजेपेक्षा संस्थाचालकाचा शुल्काचा अंदाज निर्णायक ठरू लागला. २०१० नंतरच्या वर्षांत अनेक महाविद्यालयांतील जागा रिकाम्या राहिल्या, काही बंद पडली. तेव्हा नुकसान झाले ते जमीन गहाण ठेवून शुल्क भरणाऱ्या पालकांचे.

केंद्राची वाटचालही याच दिशेने झाली. २०१७ साली उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र वित्तसंस्था स्थापन झाली आणि सार्वजनिक संस्थांच्या इमारती व प्रयोगशाळा यांसाठी अनुदानाऐवजी कर्जाचा मार्ग रूढ झाला. कर्जाला परतफेड आली, आणि मुद्दलाचा जेवढा भाग संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचा, तेवढा शुल्कवाढीचा मोह बळावतो. शिक्षकांच्या बाबतीत हीच काटकसर तासिका तत्त्वाच्या रूपाने अवतरली. पदे रिक्त ठेवायची आणि तासांवर माणसे नेमायची, या पद्धतीने वेतनाचा खर्च वाचतो. पण त्या प्राध्यापकाचे वय निघून जाते आणि विद्यार्थ्याला वर्षभर टिकणारा शिक्षक मिळत नाही.

व्यावसायिक प्रशिक्षणाची कथा आणखी उपेक्षेची आहे. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. तीतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखानदारांवर प्रशिक्षणाची जबाबदारी टाकली. तरीही १९ ते २४ वयोगटातील कामकऱ्यांपैकी पाच टक्क्यांपेक्षा कमी जणांना औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळाले, असा बाराव्या योजनेचा अंदाज होता. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के, असे २०२० चे धोरणच सांगते. कायद्यातील तुरुंगवासाची तरतूद २०१४ च्या दुरुस्तीने काढून टाकली, आणि २०१६ च्या प्रोत्साहन योजनेने उमेदवाराच्या विद्यावेतनाचा काही भार शासनाने उचलला. उद्योगाला सवलत मिळाली. उमेदवाराला त्या मुदतीत खरोखर कसब मिळते की तो स्वस्त हंगामी मजूर ठरतो, हे तपासण्याची यंत्रणा मात्र तितक्याच उत्साहाने उभी राहिली नाही.

यावर अर्थशास्त्रातील एक नेहमीचा आक्षेप आहे. पदवीचा लाभ पदवीधराला होतो, मग गरीब करदात्याने त्याचा भार का सोसावा? हा आक्षेप महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुले यांनी, रयतेच्या श्रमातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार केली होती. प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असेही त्यांनी सुचवले होते. त्या तक्रारीचा रोख असा, की जो पैसा देतो त्याच्या मुलाला दार बंद आहे. त्यावर उत्तर दोन प्रकारे देता येते: पैसा काढून घेणे किंवा दार उघडणे. शुल्कवाढीचे पुरस्कर्ते पहिले उत्तर देतात, आणि ते देताना शेतमजुराच्या मुलीसाठी दार आणखी घट्ट लावतात. पदवीधराच्या वाढीव मिळकतीतून समाजाचा वाटा वसूल करण्याचे न्याय्य साधन प्राप्तिकर हे आहे. तो कमावू लागल्यावर द्यावा लागतो. प्रवेशाच्या दिवशी नव्हे.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. मंजूर शिक्षकपदे आणि प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांची पदे कायमस्वरूपी भरावीत. कुशल माणसे वापरणाऱ्या मोठ्या उद्योगांवर प्रशिक्षण उपकर बसवून त्याचा विनियोग जिल्हा पातळीवर, कामगार संघटनांच्या सहभागाने व्हावा. औद्योगिक प्रशिक्षणातून पदविकेकडे आणि पदविकेतून पदवीकडे जाण्याची वाट नियमांत आहे. तिच्यावर चालणाऱ्याला वसतिगृह आणि निर्वाहभत्ता मिळावा, कारण शुल्कमाफी मिळाली तरी बुडालेली मजुरी भरून निघत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही योजना राबवली ती ही अडचण ओळखूनच.

कार्यकर्त्यांनी सुरुवात आपल्या तालुक्यातून करावी. तेथील प्रशिक्षण संस्थेत कोणते व्यवसाय शिकवले जातात, किती निदेशकांच्या जागा रिकाम्या आहेत, यंत्रे चालू आहेत की गंजली आहेत, याची नोंद करावी आणि ती ग्रामसभेत व जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांपुढे ठेवावी. सहा टक्क्यांची घोषणा दिल्लीत होते. ती पाळली गेली की नाही, हे त्या कार्यशाळेच्या दारात उभे राहिले म्हणजे कळते.