नाण्याला आठ हजार, पुस्तकाला खळखळ

नाण्यांच्या प्रदर्शनात पुस्तकांचे टेबल लांबूनच ओळखू येते. तिथे गर्दी नसते. शेजारी झिजलेले, अक्षरे पुसट झालेले पोटीन या मिश्रधातूचे नाणे ‘सातवाहन, दुर्मीळ’ म्हणून विकले जात असते आणि माणसे एकमेकांच्या खांद्यावरून हात घालत असतात. इकडे पुस्तकवाला पेपर वाचत बसलेला. चुकून कोणी फिरकलाच, तर पुस्तक उलटे करून आधी किंमत बघतो, “बाराशे? पुस्तकाला?” म्हणतो आणि जिथले तिथे ठेवतो. हाच गृहस्थ तासाभराने आठ हजारांचे नाणे घेऊन, ते नक्की कोणाचे आहे हे विचारत सभागृहभर फिरताना दिसतो.

अशांना संग्राहक म्हणणे मी सोडून दिले आहे. ती गिऱ्हाइके आहेत. व्यापाऱ्याने चिठ्ठीवर लिहून दिलेले नाव हेच त्यांचे ज्ञान, आणि ती चिठ्ठी हरवली की नाणे पोरके. रोज व्हॉट्सॲपवर अंधुक फोटो येतात: “सर, हे कोणाचे? किंमत किती?” पहिला प्रश्न केवळ शिष्टाचार म्हणून असतो.

पुस्तक का घेत नाही, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: सगळे फुकट पीडीएफमध्ये आहे. आहे ना! रॅप्सनचा ब्रिटिश म्युझियमचा कॅटलॉग आहे, सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांचा. उत्तम ग्रंथ, पण 1908 चा. त्यानंतर 1939 साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला दीड हजारांहून अधिक सातवाहन नाण्यांचा साठा सापडला. वा. वि. मिराशींनी तो वाचून प्रसिद्ध केला आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नवी नावे पुढे आली. रॅप्सनमध्ये ती कुठून असणार? म्हणून फुकट्या विद्वानाच्या हाती विदर्भातले असे नाणे आले की तो ते ओढूनताणून पुळुमावीच्या गळ्यात घालतो. वर पुन्हा ‘रॅप्सनप्रमाणे’ असे ऐटीत लिहितो.

आणि ती पीडीएफ एकदा उघडून तरी बघा. नाण्याच्या पुस्तकात मजकूर दुय्यम असतो, चित्रांच्या प्लेट हेच पुस्तक. धातूची चमक आड येऊ नये म्हणून त्या काळी नाण्यांचे प्लॅस्टरचे ठसे घेऊन त्यांची छायाचित्रे काढत. प्लेटवर अक्षराची कडसुद्धा दिसे. आता त्याच ग्रंथाची ‘पुनर्मुद्रित आवृत्ती’ म्हणून जे विकले जाते, ते झेरॉक्सचेही झेरॉक्स असते. उदाहरणार्थ, नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. अशा नाण्यावर त्याच्या तीन कमानींच्या टेकडीखालून नहपानाचे नाक आणि डोळा अजून डोकावतात, कडेला ग्रीक अक्षरांची शेपटे उरलेली असतात. हरलेल्या राजाच्या तोंडावर जिंकलेल्याची मोहर! हे ज्या प्लेटवर दिसायला हवे, तिथे माझ्याकडच्या पुनर्मुद्रणात ओळीने काळ्या पुऱ्या छापल्या आहेत. हा माल कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांत विकणाऱ्याला मी प्रकाशक म्हणणार नाही.

दुसरी जात भाव-पुस्तिकांची. पानभर नाणी आणि प्रत्येकाखाली रुपये. नाणे कुठे सापडले, वजन किती, लेख कुठून सुरू होतो, याचा पत्ता नाही. या मात्र धडाधड खपतात. लिलावाचे गुळगुळीत कॅटलॉगही आता संदर्भग्रंथ म्हणून कपाटात बसले आहेत. त्यातली छायाचित्रे चांगली असतात, हे मान्य. पण ‘आरआरआर’ ही दुर्मीळतेची पदवी नाणे विकणाराच देतो, याचा विसर कसा पडतो? आहत, म्हणजे ठोकून चिन्हे उमटवलेल्या, नाण्यांखाली ‘जीएच’ क्रमांक छापलेला असतो, तो गुप्ता आणि हार्डेकर यांच्या सूचीचा. 1985 साली आपल्याच अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेतून निघालेले हे पुस्तक. पाचही चिन्हे जुळवून बघितल्याशिवाय क्रमांक ठरत नाही, आणि त्यातले एखादे चिन्ह हमखास काठावर कापलेले असते. क्रमांक सगळ्यांना पाठ. पुस्तक किती जणांकडे आहे, ते विचारू नये.

सगळ्यात मोठी चंगळ नकली माल करणाऱ्यांची. यज्ञ सातकर्णीचे, राजाचा चेहरा असलेले चांदीचे नाणे घ्या. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या स्तूपात ते मिळाले होते. आज ते कुणाच्याही खिशातून निघते. हाताने ठोकलेल्या दोन नाण्यांवर छाप सारखाच सरकलेला, झीज सारखीच आणि काठावरची चीरही त्याच जागी, असे होत नाही. तसे दिसले की एक दुसऱ्यावरून ओतलेले, किंवा दोन्ही तिसऱ्यावरून. पण हे कळायला मूळ नाण्याची प्लेट समोर लागते. ती नसलेला माणूस भिंगातून तासभर बघतो आणि शेवटी व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरून निर्णय घेतो.

चांगली पुस्तके छापणाऱ्या संस्थाही धुतल्या तांदळाच्या नाहीत. आवृत्ती संपली की संपली; पुन्हा काढायचे नाव नाही. मग तेच पुस्तक तिप्पट किमतीला फिरते आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, न उघडता कपाटात ठेवणारे महाभागही मी पाहिले आहेत.

कधी कधी एखादा तरुण विचारतो, सुरुवात कोणत्या पुस्तकाने करू? मी विचारतो, नाणी कोणती जमवणार? सातवाहन म्हणाला तर सांगतो, बाबा रे, रॅप्सन जुन्या छपाईचा मिळव, पैसे गेले तरी चालतील. सोबत मिराशींचा तऱ्हाळ्यावरचा लेख वाच. आणि सहा महिने एकही नाणे विकत घेऊ नकोस. ही शेवटची अट ऐकली की बहुतेकांना अचानक कोणाचा तरी फोन येतो.