आतली दारे निवडताना

गृहप्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सळई, सिमेंट आणि मजुरी यांवर मालकाची नजर असते. दर्शनी भागावर आणि लिफ्टवर विक्री पाहणाऱ्यांची. आतल्या दारांच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते : ‘फ्लश डोअर, लॅमिनेट, चौकट व फिटिंगसह’, आणि पुढे एक रक्कम. ही ओळ प्रत्यक्ष खरेदीला येते ती प्रकल्पाच्या शेवटच्या काही महिन्यांत. तोवर बँकेच्या कर्जाचे बहुतेक हप्ते उचलून झालेले असतात, ग्राहकांचा अखेरचा हप्ता ताब्याच्या वेळी यायचा असतो आणि हातातली रोकड सर्वांत आटलेली असते. नेमक्या याच सुमारास दारामागे पाचशे-हजार रुपये वाचवण्याचा मोह होतो. घर घेणारे कुटुंब मात्र पहिल्या दिवसापासून ज्या वस्तूला सर्वाधिक वेळा हात लावते, ती वस्तू हीच असते.

समाजातील कितीतरी घराणी किराणा, कापड, सराफी, हळद-गूळ यांच्या पेढ्यांवरून गेल्या एक-दोन पिढ्यांत बांधकामाकडे वळली. पोत्याच्या तोंडावरचा दाणा पाहून सौदा करू नये, हात आत घालून मधला माल बाहेर काढावा, हे या घराण्यांतील मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. दाराच्या बाबतीत मात्र हीच मंडळी वरच्या लॅमिनेटचा रंग आणि नक्षी पाहून दर ठरवतात. फ्लश दार म्हणजे बाहेरून प्लायवूडची कातडी आणि आत लाकडी पट्ट्यांचा भराव. भराव पाइनच्या सुकवलेल्या, एकमेकींना घट्ट भिडलेल्या पट्ट्यांचा आहे, की हाती येतील त्या लाकडाच्या, मधे फटी सोडलेल्या तुकड्यांचा, हे वरून कळत नाही. कागदी जाळीचा भराव असलेले पोकळ दारही मिळते. ते हलके व स्वस्त असते, पण शयनगृहातले बोलणे त्यातून बैठकीच्या खोलीत स्पष्ट ऐकू येते. म्हणून मोठी मागणी नोंदवण्यापूर्वी आलेल्या मालातले एक दार स्वतः निवडून उभे-आडवे करवतीने कापून पाहावे. एका दाराची किंमत जाईल. विक्रेत्याने त्याला हरकत घेतली, तर उत्तर तिथेच मिळाले असे समजावे.

भारतीय मानकांत लाकडी फ्लश दारांसाठी आयएस 2202 आहे आणि चाचण्यांच्या पद्धती आयएस 4020 मध्ये दिल्या आहेत. दाराचा काटकोन, सपाटपणा, आपटण्याचा धक्का, स्क्रू उपसण्यास लागणारा जोर असे बरेच काही त्यांत तपासले जाते. व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत बोलकी चाचणी पाण्याची आहे : दाराचे खालचे टोक 24 तास पाण्यात ठेवायचे, मग 24 तास वाळू द्यायचे, आणि असे आठ फेरे करायचे. महाराष्ट्रातील न्हाणीघराचे दार दुसरे काय भोगते? प्लायवूड आणि फ्लश दारांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश केंद्र सरकारने 2023 मध्ये काढला. तेव्हा दरपत्रकात ‘आयएसआय दर्जाचे’ एवढ्या मोघम शब्दांवर समाधान मानू नये. दारावरील चिन्ह आणि परवाना क्रमांक प्रत्यक्ष पाहावा.

सांगलीकडच्या एका हळद-व्यापारी कुटुंबाने 48 सदनिकांची इमारत हाती घेतली, तेव्हा वडील आणि मुलगा यांच्यात न्हाणीघराच्या दारांवरून मतभेद झाला. प्रत्येक सदनिकेत दोन न्हाणीघरे, म्हणजे 96 दारे. मुलाने आतून लॅमिनेट लावलेले साधे फ्लश दार पसंत केले होते. दुसरा पर्याय डब्ल्यूपीसीच्या दाराचा होता आणि तो दारामागे दीड हजारांनी महाग होता. मुलाचे म्हणणे असे, की ‘‘आप्पा, आतनं लॅमिनेट आहे. पाणी लाकडाला लागतंय कुठं?’’ आप्पांनी दार आडवे करवून त्याची खालची कड दाखवली. ती कोरी, उघडी होती. ‘‘वखारीत पोतं वरनं भिजतं का रे? फरशीवरचं पोतं खालनंच भिजतं,’’ एवढेच ते बोलले. मग दोन्ही नमुने गच्चीवर पाण्याच्या टबात उभे केले गेले. चौथ्या दिवशी साध्या दाराचे तळाचे प्लायवूड पदर सुटून फुगले होते.

तरीही मुलाने हिशेब मांडला, आणि तो मांडणे योग्यच होते. 96 दारांवर दीड हजारांप्रमाणे बचत 1 लाख 44 हजारांची. दार बदलावे लागले तर नवे दार, वाहतूक, सुताराचा दिवस, कडी-कुलूप पुन्हा बसवणे आणि राहत्या घरातली आवराआवर धरून आठ हजारांचा अंदाज. म्हणजे 96 पैकी अवघी 18 दारे बिघडली की सगळी बचत संपते; पाचातले एकही दार पुरते बिघडावे लागत नाही. शिवाय गावात नाव खराब होण्याची रक्कम या वहीत धरलेलीच नव्हती. मागणी डब्ल्यूपीसीची गेली.

अर्थात डब्ल्यूपीसी म्हणजे सर्व दुखण्यांवरचा उतारा नव्हे. हलक्या घनतेच्या मालात बिजागरीचे स्क्रू काही महिन्यांत सैल होतात. दार हातात घेऊन वजन पाहावे आणि नमुन्यात एक स्क्रू दोनदा काढून-घालून पाहावा. एफआरपीचे दारही पाण्याला उत्तम टिकते, दिसायला मात्र बेताचेच. न्हाणीघराला ग्रॅनाइटची चौकट बसवण्याची आपल्याकडची पद्धत चांगली आहे. लाकडी चौकटीचे पाय कुजण्याचा प्रश्न तिने मिटतो.

कोरड्या खोल्यांसाठी चांगले फ्लश दार पुरेसे असते. लॅमिनेट दोन्ही बाजूंना सारखे हवे. एका बाजूला लॅमिनेट आणि दुसऱ्या बाजूला नुसता रंग दिला, की दोन्ही अंगांनी ओल सारखी शोषली जात नाही व दाराला पीळ पडतो. वरची आणि खालची कड प्रायमर-रंगाने बंद करणे हे पाच मिनिटांचे काम. ते दिसत नसल्यामुळे नेहमी राहून जाते. मोबाइलचा कॅमेरा दाराखाली सरकवून काढलेले छायाचित्र ही यावरची सर्वांत स्वस्त तपासणी. चार इंची स्टीलच्या बिजागऱ्या तीन असाव्यात. दोनावर टांगलेले जड दार वर्षभरात झुकते आणि फरशीवर अर्धवर्तुळाकार ओरखडा काढते.

दार चांगले असूनही काम बिघडते ते गाळ्याच्या मापामुळे. गवंड्याने एका मजल्यावर गाळा इंचभर लहान ठेवला, वर फरशीची जाडी वाढली, की सुतार दार रंधून बसवतो. कडेची पट्टी निघून जाते, आतला भराव उघडा पडतो आणि उत्पादकाची हमीही बहुधा तिथेच संपते. त्यामुळे दारांची मापे प्लास्टरपूर्वी पक्की करून, गाळा मोजण्यासाठी एकच लोखंडी साचा सर्व मजल्यांवर फिरवणे हे आतल्या दारांच्या निवडीतले खरे पहिले पाऊल आहे. डावे-उजवे दारही तेव्हाच नकाशावर नोंदवावे.

मापाचा विषय निघालाच आहे, तर घरातील ज्येष्ठांचा विचार इथेच व्हावा. न्हाणीघराला 750 मिलिमीटरचा गाळा ठेवण्याची प्रथा आहे. दोन्ही बाजूंची चौकट वजा जाता हाती 650 च्या आसपास वाट उरते. चाकांच्या खुर्चीवरील माणसाला ती अपुरी पडते. अपंगांसाठीच्या सुगम बांधकामाच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत 900 मिलिमीटर मोकळ्या वाटेची अपेक्षा आहे. सगळ्या न्हाणीघरांना ते जमले नाही, तरी ज्येष्ठांच्या खोलीला जोडलेल्या एकाला तरी जमवावे. आणखी एक गोष्ट नकाशावर सुचत नाही. आत उघडणाऱ्या दारामागे वृद्ध व्यक्ती घसरून पडली, तर तिच्या शरीरानेच दार अडते आणि मदतीला आलेला मुलगा बाहेर उभा राहतो. निदान त्या एका न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे आणि आतली कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशा प्रकारची असावी. त्यासाठी लागणारा जादा खर्च नगण्य आहे. एकत्र कुटुंबासाठी घर पाहायला आलेल्या ग्राहकाला ही सोय दाखवली, तर तो थांबून पाहतो.

आता थोडे कागदांविषयी. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या कारागिरीतील वा दर्जातील दोष निदर्शनास आणला गेला, तर प्रवर्तकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. फुगलेले दार त्यातून सुटत नाही. तेव्हा दार-उत्पादकाकडून एक वर्षाची हमी घेऊन ग्राहकाला पाच वर्षांची जबाबदारी देणारा माणूस चार वर्षांचा धोका स्वतःच्या अंगावर घेतो. हमीची मुदत वाढवून मागण्यास खरेदीपूर्वीचा दिवस योग्य असतो, नंतरचा नाही.

जीएसटीतही व्यापारी माणूस सवयीने चुकतो. दुकानातील मालावर भरलेला कर पुढे वळता होतो. पण 1 एप्रिल 2019 पासून निवासी सदनिकांवर 5 टक्के, आणि परवडणाऱ्या घरांवर 1 टक्का, असा कर ज्या योजनेत आहे तिच्यात खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. दारावरचा कर हा बिल्डरचा खर्चच. म्हणून दरपत्रके करासह ताडून पाहावीत. त्याच योजनेत 80 टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून असावी लागते. सुतारामार्फत बिनबिलाची दारे आणून झालेली ‘बचत’ त्या तुटीवरील करात परत जाते. उत्पादक सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर लेखी करार असताना जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसताना 15 दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. मुदत उलटून वर्षअखेरीस बाकी राहिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, अशी तरतूद 2023-24 या आर्थिक वर्षापासून आहे. रोकड आटलेली असताना दारे मागवणाऱ्याला ही तारीख बोचते. दारांची रक्कम प्लास्टरच्या टप्प्यावरच वेगळ्या खात्यात काढून ठेवली, तर ती बोचत नाही.

लॅमिनेटचा तोच क्रमांक दोन वर्षांनी बाजारात मिळेलच असे नाही. त्यामुळे शंभरामागे दोन-तीन दारे आणि लॅमिनेटचे चार पत्रे त्याच मालातून राखून ठेवावेत. ते तळघरातील पाण्याच्या टाकीशेजारी न ठेवता कोरड्या खोलीत, जमिनीपासून उचलून आडवे रचावेत; भिंतीला तिरके टेकवून ठेवलेले दार बसवण्याआधीच वाकते.